दुपारी दोन ते चार

मला त्या बेलमध्ये दोष हवा होता. तुटलेली तार, आत शिरून मेलेली मुंगी, गंजलेला स्क्रू, काहीही चाललं असतं. सात महिने मी मनातल्या मनात दुसरं काही मागितलं नव्हतं. शेवटी मार्चमधल्या एका बुधवारी, नवरा ऑफिसला गेल्यावर, ती बेल कापडी पिशवीत घातली आणि हिमायतनगरला जायला ऑटो केली.

बेल माझ्या नवऱ्यानेच बनवलेली. प्रमोद मूळचा पुण्याचा. पंचवीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आला आणि अजून हायटेक सिटीत सॉफ्टवेअर लिहितो. मी इथलीच, गौलीगुड्यातली. वडील जामबागेतल्या मराठी शाळेत मास्तर होते, त्यामुळे चांगलं अक्षर आणि तापट डोकं या दोन्ही गोष्टी मला घरातूनच मिळाल्या. प्रमोदला राग येत नाही. त्याला काही झालं की तो गप्प बसतो आणि काहीतरी उघडून दुरुस्त करायला घेतो.

दर रविवारी सकाळी दहाला तो हिमायतनगरच्या त्या जागेत जातो. हॅकरस्पेस म्हणतात तिला. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस लोकांचे पासवर्ड चोरणार. तसलं काही नसतं. हौशी माणसांनी मिळून एक मजला भाड्याने घेतलाय, तिथे हत्यारं आणि यंत्रं ठेवली आहेत, आणि ज्याला जे सुचेल ते तो तिथे बसून आपल्या हाताने करतो. कुणी कुंड्यांना आपोआप पाणी घालणारं यंत्र केलं, कुणी संक्रांतीसाठी पतंगाची चरखी मोटरवर फिरवली. प्रमोदने आईंसाठी बेल केली.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, मंगलाबाई. चार वर्षांपूर्वी पुण्याचं घर बंद करून त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि मी शाळेतली नोकरी सोडली. सोड असं मला कुणी म्हटलं नाही. सगळे फक्त माझ्याकडे बघत बसले. आईंचे गुडघे पार गेले होते, ऐकूही कमी यायचं, पण आवाज ठणठणीत होता. तो आवाजही हळूहळू बसला, तेव्हा बेलची गरज पडली.

बेलचे दोन भाग होते. एक बटण, दोरीला बांधून आईंच्या गळ्यात. आणि एक पांढरा डबा, माझ्या पलंगाशेजारच्या फळीवर. बटण दाबलं की बटणावर लाल दिवा लागायचा आणि डब्यातून असा कर्कश आवाज निघायचा की शेजारची मीनासुद्धा दार उघडून बघायची. आईंना बटण भलतंच आवडलं. पंखा वाढव, पंखा कमी कर, चष्मा कुठे गेला, खाली कुणाची गाडी थांबली. ज्या पुण्यात दुपारी दुकानंसुद्धा झोपतात तिथे जन्म काढलेल्या बाईला दुपारी डोळ्याला डोळा लागायचा नाही, हे माझं नशीब. मी पहाटे पाचला उठायची. दुपारी दोनला पाठ टेकायची, की सव्वादोनला बेल.

गेल्या जुलैच्या शेवटी मात्र दुपारची बेल वाजेनाशी झाली. मला वाटलं, आई झोपायला लागल्या एकदाच्या. मीही झोपायला लागले. दोन तास गाढ झोप मिळाली की माणूस किती सज्जन होतो, हे मला तेव्हा कळलं. आई एक-दोनदा म्हणाल्या, "दुपारी दाबते तर तू येत नाहीस." मला वाटलं टोमणा आहे. टोमणे कानाआड करायची तेवीस वर्षांची सवय होती, त्यात हा एक.

तेरा ऑगस्टला, मंगळवारी, मी सव्वादोनला आडवी झाले आणि चारला दहा कमी असताना चहा ठेवायला उठले. आई पलंग आणि बाथरूमच्या मध्ये जमिनीवर पडलेल्या होत्या. शुद्धीवर होत्या. बटण मुठीत होतं, अंगठा त्याच्यावर होता आणि लाल दिवा लागलेला होता. त्या चिडल्या नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, "अगं, किती वेळ दाबतेय मी."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला, आणि अकराव्या दिवशी आई गेल्या. मधल्या दिवसांत जे कुणी भेटायला येईल त्याला त्या तेवढं एकच वाक्य सांगत होत्या. मी दाबत होते, हिला जागच आली नाही. तक्रार म्हणून नाही, नवल म्हणून सांगायच्या. डॉक्टरांना सांगितलं, नर्सला सांगितलं, पुण्याहून आलेल्या सुजाताताईंना सांगितलं. सुजाताताई म्हणजे प्रमोदची मोठी बहीण. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, जाऊ दे, लागते एखाद्याला झोप. त्या ओरडल्या असत्या तर मी चार शब्द सुनावले असते. पाठीवरून फिरणाऱ्या हाताला काय सुनावणार?

प्रमोदने पंधरा ऑगस्टला, सुट्टीच होती, ती बेल पिशवीत घातली आणि तपासून आणतो म्हणून गेला. संध्याकाळी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये ताई आणि मी बाकावर बसलो होतो. तो आला, उभ्याउभ्याच म्हणाला, "तपासली. व्यवस्थित वाजतेय." ताईंनी मान हलवली. मीही हलवली. तिथेच सगळं ठरलं.

तेरावं झालं, ताई गेल्या, आणि मग मी स्वतः बेल तपासायला लागले. आईंच्या खोलीत जाऊन बटण दाबायची. पलीकडून बेल किंचाळायची. सकाळी दाबली, संध्याकाळी दाबली, आणि मुद्दाम दुपारी तीनला दाबली. दर वेळी वाजली. एकदाही चुकली असती तर मी तिला हळदकुंकू वाहिलं असतं. महिनाभर मी हा उद्योग केला. मग मीनाने हळूच विचारलं, रजनी, अजून कोण आहे तुमच्याकडे? तेव्हा थांबले.

त्यानंतर मला काही व्हायचं बंद झालं. रडू येत नव्हतं, ते एक वेळ ठीक. पण डाळीत मीठ आहे की नाही तेही कळेना. एकदा तव्याला मनगट चिकटलं आणि वास आल्यावर माझ्या लक्षात आलं की भाजलंय. दुपारी पाठ टेकत नव्हते. दोन वाजले की स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची आणि चार वाजेपर्यंत समोरच्या टाइल्स बघायची. प्रमोद म्हणाला, डॉक्टरकडे जाऊ या. मी म्हटलं, मला काय झालंय? दिवाळी आली, गेली. संक्रांतीला आभाळभर पतंग होते, ते मी जिन्यातून पाहिले आणि खाली आले.

फेब्रुवारीअखेर मीनाचे सासरे हॉस्पिटलमधून घरी आले आणि तिने ती बेल मागितली. प्रमोद लगेच म्हणाला, ती जुनी झाली, मी नवी करून देतो. महिना होत आला तरी नवी झाली नव्हती. मीनाला रोज तोंड कसं दाखवायचं? आणि खरं सांगायचं तर मला एक मोठं निमित्त मिळालं होतं. जी बेल मला ऐकू आली नाही ती दुसऱ्या कुणाच्या घरी द्यायची तर आवाज तरी वाढवून घ्यावा, असं मी स्वतःला सांगितलं. आतून मात्र एकच होतं: प्रमोदशिवाय दुसऱ्या कुणीतरी ती उघडून बघावी आणि म्हणावं, यात दोष आहे.

हॅकरस्पेस तिसऱ्या मजल्यावर होतं, खाली साड्यांचं दुकान. प्रमोदच्या इतक्या रविवारांत त्या जिन्यावर मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. आत एक लांबच लांब खोली, मधोमध टेबलं, भिंतीवर हत्यारं, आणि प्रत्येक हत्यारामागे त्याच्या आकाराची काळी रेघ काढलेली, म्हणजे एखादी पक्कड जागेवर नसली तर लगेच कळावं. एक म्हातारे गृहस्थ कोपऱ्यात काहीतरी कानशीने घासत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, ते मला बरं वाटलं.

तिथलं सगळं शिल्पा बघते. पस्तिशीची असेल, इंजिनियर, आणि निघाली आमच्या गौलीगुड्याचीच. दोन गल्ल्या पलीकडे तिचं आजोळ. मी नाव सांगितलं तशी ती उठून उभी राहिली. प्रमोद सरांची मिसेस का, म्हणाली, आणि आईंचं ऐकून वाईट वाटलं म्हणाली. मी पिशवीतून डबा आणि बटण काढून टेबलावर ठेवलं. आवाज वाढवून दे, म्हटलं, आणि आत काही बिघडलंय का तेही बघ.

ती हसली. इथे कुणी कुणाला काही करून देत नाही, असं तिने मला समजावलं. ज्याची वस्तू त्यानेच उघडायची. बाकीचे फक्त शेजारी बसून सांगणार. तिने माझ्या हातात छोटा स्क्रू-ड्रायव्हर दिला. मला कधी साधा प्लग बसवता आला नव्हता. पण हात पुढे झाला, तर तिने तो धरला.

"आंटी, पहिले वही. वही बघितल्याबिगर स्क्रू खोलायचा नाही, अस्सा रूल आहे इथे."

भिंतीला लागून लोखंडी रॅक होतं. त्यात प्रत्येक कामाचं एक खोकं, आणि प्रत्येक खोक्याला सुतळीने बांधलेली एक वही. तिने प्रमोदच्या खोक्याची वही सोडवून आणली. शंभर पानी, आखीव, मुलं गृहपाठाला वापरतात तसली. वस्तूला हात लावला की इथे लिहायचंच, मग तो कितीही मोठा माणूस असो, ती सांगत होती. पानावर चार रकाने होते: तारीख, काय केलं, का केलं, सही. मी विचारलं, का केलं हे कशाला? तर म्हणाली, "काय केलं ते डबा उघडला की दिसतं. का केलं ते नाही दिसत न आंटी. सहा महिन्यांनी दुसरा माणूस येतो, त्याला वाटतं हे फालतू आहे, आणि तो काढून टाकतो."

मग ती थोडी ओशाळली. बाकी सगळे इंग्रजीत लिहितात, प्रमोद सर तेवढे मराठीत लिहितात, आणि तिला छापलेलं मराठी अडखळत वाचता येतं, हाताने लिहिलेलं नाही. "तुम्हीच वाचा," म्हणाली, "मलाबी सांगा काय काय केलं ते." आणि चहा सांगायला बाहेर गेली.

प्रमोदचं अक्षर मला ओळखीचं. लहान, उभं, ओळीवर बसलेलं.

पहिली नोंद चार फेब्रुवारीची. काय केलं: बटण व डबा जोडला. का केलं: आईला हाक मारता यावी. मग मार्च. काय केलं: बटणाला दोरी. का केलं: आई बटण उशीखाली ठेवून विसरते. मग एप्रिल. काय केलं: आवाज वाढवला. का केलं: कुकरच्या शिट्टीत रजनीला ऐकू जात नाही. मे महिन्यात लाल दिवा. का केलं: दाबलं गेलं हे आईला दिसावं, म्हणजे ती घाबरणार नाही. मी वाचत गेले. बाजारातून आणायच्या सामानाची यादी वाचावी तसं वाचत होते.

पाचवी नोंद एकवीस जुलैची होती. काय केलं: दुपारी २ ते ४ डब्याचा आवाज बंद. बटणाचा दिवा चालू. का केलं: रजनीला झोप मिळत नाही. ती पहाटे पाचपासून उभी असते.

सहावी नोंद पंधरा ऑगस्टची. काय केलं: २ ते ४ ची अट काढली. आवाज चोवीस तास पूर्ववत. का केलं, त्या रकान्यात काही नव्हतं. सही होती.

त्याखाली पान कोरं होतं.

मी दोन्ही नोंदी पुन्हा वाचल्या. मास्तरांची मुलगी असल्यामुळे मी आधी तारखा पडताळल्या. एकवीस जुलै, तेरा ऑगस्ट, पंधरा ऑगस्ट. क्रम बरोबर होता. म्हणजे त्या दुपारी बेल वाजलीच नव्हती. आई दाबत होत्या, दिवा लागत होता, त्यांना वाटत होतं वाजतेय, आणि डबा माझ्या उशाशी मुकाट बसला होता. मला जाग आली नाही, कारण जाग येण्यासारखं काही झालंच नव्हतं.

हेच मला हवं होतं. आता सुटल्यासारखं वाटेल म्हणून मी थांबले. पंखा फिरत होता. म्हातारे गृहस्थ घासत होते, फुंकर मारत होते, पुन्हा घासत होते. काही वाटलं नाही. मग पाचव्या नोंदीतलं ते वाक्य मी तिसऱ्यांदा वाचलं. ती पहाटे पाचपासून उभी असते. तेवीस वर्षांत या माणसाने असलं एक वाक्य माझ्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. मला वाटायचं त्याला दिसतच नाही. दिसत होतं, आणि ते त्याने इथे, कुणी वाचू शकणार नाही अशा वहीत लिहून ठेवलं होतं. तिथे मला दुखलं. सात महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुखलं, अगदी थोडा वेळ, आणि मग तेही बधिर झालं.

त्याने माझ्यासाठी केलं होतं हे खरं. मला सांगितलं असतं तर मी दार उघडं ठेवून झोपले असते, हेही खरं. पण मला सलत होतं ते हे नव्हे. चूक माणसाकडून होते. आणि या पुरुषांची जातच अशी, की घरातल्या बाईशी बोलण्याऐवजी हे यंत्राला सांगतात. मी बघत होते ती सहावी नोंद. आई हॉस्पिटलमध्ये जिवंत होत्या, सगळ्यांना तेच एक वाक्य सांगत होत्या, आणि हा इथे या टेबलाशी बसून ती अट काढत होता. मग पिशवी घेऊन हॉस्पिटलमध्ये आला आणि आम्हा दोघींना म्हणाला, व्यवस्थित वाजतेय. तेव्हा वाजत होतीच. मी महिनाभर दुपारी तीनला बटण दाबून दाबून स्वतःला दोषी ठरवत होते आणि तो ऑफिसात बसला होता.

खोटं मात्र तो वहीशी बोलला नव्हता. इथला नियम त्याने मोडला नाही. तारीख घातली, काय केलं ते लिहिलं, सही केली. तेवढा एक रकाना त्याच्याच्याने भरवला नाही.

शिल्पा चहा घेऊन आली. तिने माझ्या बोटाखालची रिकामी जागा पाहिली आणि म्हणाली, सरांना तिने दोनदा सांगितलं होतं, तो एक खाना खाली राहिलाय, भरा. भरतो म्हणाले, आणि दर संडेला विसरतात. मग तिने विचारलं, आता डबा खोलायचा का?

मी म्हटलं, नको. बिघाड सापडला.

"वहीतच?"

"वहीतच. पेन आहे का?"

तिने खिशातलं पेन दिलं. मी सहाव्या नोंदीच्या रिकाम्या रकान्यात, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: रजनीने तपासली तर वाजावी म्हणून. ज्याने लिहिलं त्याने सही करायची, असं शिल्पा म्हणाली. मग मी खाली सही केली आणि तारीख घातली. काय लिहिलं, तिने विचारलं. मी म्हटलं, का केलं ते. ती खूश झाली. बरं झालं आंटी, म्हणाली, ती वही कधीची अधुरी होती.

चहा घेतला. गोड होता, गोड आहे हे कळलं. बेल आणि बटण तिथेच खोक्यात ठेवून मी घरी आले.

बुधवारपासून रविवारपर्यंत मी प्रमोदला काही बोलले नाही. एवढा धीर मला कधी धरवला नव्हता. एरवी जिन्यातच भांडायला सुरुवात केली असती. पण भांडायला आत काहीतरी तापावं लागतं, ते तापत नव्हतं. रोज पोळ्या केल्या, डबा भरला. त्याने एकदा विचारलं, बेल कुठे गेली? मी म्हटलं, तुमच्या त्या जागेत नेऊन ठेवली, मीनाला द्यायची तर आवाज वाढवावा लागेल, रविवारी जाशील तेव्हा बघ. तो जेवता जेवता थांबला. त्याने घास खाली ठेवला आणि पाणी प्यायला. वही पाहिलीस का, असं त्याने विचारलं नाही.

रविवारी तो दहाच्या जागी साडेदहाला निघाला. चपला घालून दोनदा परत आत आला. एकदा रुमाल विसरला म्हणून, एकदा कशासाठी ते त्यालाही आठवेना. मी त्याला जाताना बघितलं. त्याची कीव आली का, असं कुणी विचारलं तर, आली. पण मी त्याला थांबवलं नाही.

एरवी तो एकला परततो. त्या दिवशी पावणेदोन झाले. बेलचा डबा छातीशी धरून आला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. बसला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला, हॉस्पिटलमध्ये राहिला होता तसाच.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

त्याने डबा जरासा सरकवला. मग म्हणाला, आई हॉस्पिटलात होती तेव्हा वाटलं, ती बरी होऊन घरी आली की सांगू. ती गेल्यावर वाटलं, आता सांगून काय. आणि मग तू रोज बटण दाबायला लागलीस. त्यानंतर माझ्याकडून तोंडच उघडलं गेलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आईंच्या वेळी तो रडला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. रडावं असं मलाही वाटलं, पण ते नुसतं वाटलंच.

"आई शेवटपर्यंत म्हणत होत्या, हिला जाग आली नाही," मी म्हटलं. "त्यांना आता कुणी सांगू शकत नाही. ताईंना सांगता येईल."

"रजनी."

"आमटी झाकून ठेवलीय. जेवून घे. मग ताईंना फोन कर. मी दोन ते चार झोपणार आहे."

मी खोलीत गेले. सात महिने त्या पलंगावर दुपारची पाठ टेकली नव्हती. फळीवर डब्याच्या जागेचा पांढरा चौकोन दिसत होता, बाकी सगळी धूळ. मी चादर ओढली. स्वयंपाकघरात ताट वाजलं नाही. तो जेवला नसावा. दार मी लोटलं नव्हतं, त्यामुळे हॉलमधून फोनची रिंग जाताना ऐकू येत होती, मग ताईंचा लांबचा आवाज, आणि मग प्रमोदने घसा साफ केला.

"ताई, आईची बेल त्या दिवशी वाजली नव्हती," तो म्हणाला. "मी बंद केली होती."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मला झोप लागली होती.